लग्नाच्या चित्रफितींसाठी जुळवलेला संपादन संगणक: एक सविस्तर परीक्षण

लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणाऱ्या एका लहान स्टुडिओसाठी सुटे भाग घेऊन जुळवलेल्या संगणकाचे हे परीक्षण आहे. त्यात इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५के हा प्रोसेसर, बी८६० चिपसेटचा मदरबोर्ड, ६४ जीबी डीडीआर५ रॅम, एनव्हिडियाचे १६ जीबी स्मृतीचे आरटीएक्स ५०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, दोन एनव्हीएमई एसएसडी (वेगवान साठवणुकीचे भाग), संग्रहासाठी दोन हार्ड डिस्क आणि ७५० वॉटचा एसएमपीएस (आतील भागांना वीज पुरवणारा डबा) असे भाग आहेत. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेल्या एका संपूर्ण लग्नसराईचे काम त्यावर झाले असल्यामुळे मत देण्याइतका अनुभव गाठीशी आहे. स्टुडिओचे चित्रीकरण सोनीच्या ए७ फोर या प्रकारच्या तीन कॅमेऱ्यांवर होते, संपादन मुख्यतः डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओमध्ये आणि कधीमधी प्रीमियर प्रोमध्ये होते. हे तपशील सुरुवातीलाच देण्याचे कारण असे की त्यांच्याशिवाय या परीक्षणातील कोणत्याही शिफारशीला अर्थ उरत नाही. संपादनाचा संगणक निवडताना पहिला प्रश्न ‘कोणता प्रोसेसर’ हा नसून ‘कॅमेरा कोणत्या प्रकारची फाइल लिहितो’ हा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि हा प्रश्न बहुतेक दुकानांत कोणी विचारत नाही. तेथे गेम किती फ्रेमने चालेल यावरून यंत्राची प्रतवारी होते आणि काचेच्या कॅबिनेटमधील रंगीत दिव्यांवर पैसे जातात.

सोनीच्या या कॅमेऱ्यावर ४केमध्ये सेकंदाला २५ फ्रेमचे चित्रीकरण बहुधा एक्सएव्हीसी एस या प्रकारात होते. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे मंगल कार्यालयातील दिव्यांची लुकलुक टाळायची तर २५ किंवा ५० फ्रेमच सोयीच्या ठरतात. त्याच कॅमेऱ्यातील अधिक नवा एक्सएव्हीसी एचएस हा प्रकार एच.२६५ या चित्रफीत आकसून साठवण्याच्या पद्धतीवर आधारलेला आहे, पण पाल पद्धतीत (आपल्याकडच्या २५-५० फ्रेमच्या मांडणीत) त्यात ४केला ५० फ्रेमचा पर्याय मिळतो, २५चा मिळत नाही. त्यामुळे हळदीपासून वरातीपर्यंतचे तासन्‌तास चालणारे चित्रीकरण एक्सएव्हीसी एसमध्ये, म्हणजे त्याआधीच्या एच.२६४ पद्धतीत, १० बिट आणि ४:२:२ रंगनमुन्याने नोंदले जाते. १० बिटमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला २५६ऐवजी १०२४ पायऱ्या मिळतात, आणि एस-लॉग३मध्ये (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिके चित्र नोंदवण्याच्या पद्धतीत) चित्रित केलेला हळदीचा पिवळा किंवा शालूचा गडद रंग ग्रेडिंगमध्ये, म्हणजे रंग सुधारताना, ओढला तरी पट्टे पडत नाहीत. ४:२:२मध्ये रंगाची माहिती फक्त आडव्या दिशेने निम्मी केलेली असते. नेहमीच्या ४:२:० प्रकारात ती उभ्या दिशेनेही निम्मी होते. चित्राच्या दृष्टीने हा उत्तम सौदा आहे, पण संगणकाच्या दृष्टीने तो जाच आहे.

जाच असा की एच.२६४च्या या प्रकारात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवलेली नसते. काही फ्रेम पूर्ण असतात आणि मधल्या फ्रेममध्ये केवळ आजूबाजूच्या फ्रेमच्या तुलनेत काय बदलले एवढेच नोंदलेले असते. टाइमलाइनवर कर्सर मधेच कुठेतरी ठेवला की संगणकाला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून हिशेब करत यावे लागते, आणि तीन कॅमेऱ्यांचे मल्टिकॅम असेल तर हे काम एकाच वेळी तीन ठिकाणी करावे लागते. हे काम करण्यासाठी ग्राफिक्स कार्डात आणि प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्समध्ये वेगळे डिकोडर, म्हणजे आकसलेली फाइल उलगडणारे भाग, बसवलेले असतात. मात्र प्रत्येक डिकोडरला प्रत्येक प्रकारची फाइल समजत नाही. ज्या प्रकाराला आधार नाही ती फाइल प्रोसेसरच्या सर्वसाधारण गाभ्यांवर (कोअरवर) येऊन पडते, आणि मग महागडा संगणकही मंगलाष्टकांच्या मध्यावर अडखळतो.

येथे एक प्रचलित समजूत तपासून घेतली पाहिजे. ‘४:२:२ असेल तर इंटेल घ्या’ हा सल्ला गेली काही वर्षे सर्रास दिला जातो आणि तो अर्धाच बरोबर आहे. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतील अंगभूत ग्राफिक्समधील क्विक सिंक हा भाग १० बिट ४:२:२ एच.२६५ वाचू शकतो, त्यामुळे कॅनन आर६सारख्या कॅमेऱ्याच्या लॉग फाइलींना किंवा सोनीच्या एक्सएव्हीसी एचएसला त्याचा खरोखर फायदा होतो. पण १० बिट ४:२:२ एच.२६४ त्याला वाचता येत नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांना तर ४:२:२चा कोणताच प्रकार वाचता येत नव्हता. म्हणजे सोनीच्या २५ फ्रेमच्या फाइलींवर काम करणाऱ्याने ‘४:२:२साठी’ म्हणून इंटेलचा प्रोसेसर आणि सोबत भारी आरटीएक्स ४० कार्ड घेतले, तरी डिकोडिंगच्या बाबतीत त्याच्या पदरात फारसे काही पडत नसे. जानेवारी २०२५मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेने ही कोंडी फोडली, कारण तिच्या डिकोडरला एच.२६४ आणि एच.२६५ या दोन्हींतील ४:२:२ फाइली वाचता येतात. रिझॉल्व्ह स्टुडिओ आणि प्रीमियर प्रो या दोन्ही सॉफ्टवेअरच्या २०२५मधील आवृत्त्यांनी या सोयीला आधार दिला, त्यामुळे सॉफ्टवेअर जुने ठेवून केवळ नवे कार्ड बसवण्यात अर्थ नाही.

या एका कारणामुळे यंत्रातील सर्वांत मोठा निर्णय ग्राफिक्स कार्डाचा ठरला, आणि तो बरोबर ठरला असे म्हणता येते. तीन कॅमेऱ्यांची ४के टाइमलाइन आता प्रॉक्सी (संपादनापुरत्या हलक्या प्रती) न बनवता चालते; कॅमेरा बदलताना क्षणभराचा थांबा जाणवतो, पण हात थांबत नाही. आरटीएक्स ५०६० टीआय हे कार्ड एप्रिल २०२५मध्ये ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत बाजारात आले. नाव एकच असल्यामुळे ग्राहकाची गफलत सहज होते, आणि संपादनासाठी यांतील ८ जीबीचा प्रकार घेऊ नये असे मी ठामपणे सांगेन. ४के टाइमलाइनवर रिझॉल्व्हचे टेम्पोरल नॉइज रिडक्शन (लागोपाठच्या फ्रेम ताडून चित्रातील दाणे काढणे) आणि मॅजिक मास्क (माणूस किंवा वस्तू चित्रातून वेगळी निवडणे) एकत्र लावले की कार्डाची स्मृती झपाट्याने भरते, आणि ती संपल्याची सूचना पडद्यावर आली की त्या क्लिपचे काम तेथेच थांबते. रात्रीच्या संगीत समारंभाचे चित्रीकरण वाढवलेल्या आयएसओवर होत असल्याने नॉइज रिडक्शन ही आमच्याकडे चैन नसून रोजची गरज आहे. १६ जीबीमध्ये ही अडचण या लग्नसराईत आली नाही. मात्र नॉइज रिडक्शनचा प्रत्यक्ष वेग स्मृतीवर नव्हे तर कार्डाच्या एकूण गणनशक्तीवर ठरतो, आणि तेथे हे कार्ड मध्यम दर्जाचेच आहे. लांब क्लिपवर ते लावले की प्लेबॅक खाली येतो आणि रेंडर कॅशची, म्हणजे आधीच तयार करून ठेवल्या जाणाऱ्या फ्रेमची, वाट पाहावी लागते.

वरच्या कार्डांचा विचार करणाऱ्यांनी दोन बाबी लक्षात घ्याव्यात. आरटीएक्स ५०७०ची गणनशक्ती ५०६० टीआयपेक्षा बरीच जास्त आहे, पण स्मृती १२ जीबीच आहे, त्यामुळे संपादनासाठी ते मला अडनिडे वाटते. ५०७० टीआयमध्ये १६ जीबी स्मृती आणि एकाऐवजी दोन एन्कोडर (एक्सपोर्टच्या वेळी फाइल आकसून लिहिणारे भाग) येतात, पण त्याची वीजमागणी १८०वरून ३०० वॉटवर जाते आणि त्यासोबत एसएमपीएस, थंडावा व यूपीएस यांचाही खर्च वाढतो. लग्नाचा तासाभराचा चित्रपट एक्सपोर्टला लावून माणूस जेवायला जातो. तेवढ्यासाठी दुसऱ्या एन्कोडरवर पैसे घालणे मला पटत नाही. दिवसभर वेगवेगळ्या ग्राहकांसाठी लहान फाइली बाहेर काढणाऱ्या स्टुडिओचे गणित मात्र वेगळे असेल.

डिकोडिंगचा भार कार्डाने उचलल्यावर प्रोसेसरची निवड पूर्वीइतकी निर्णायक राहत नाही, ही बाब दुकानदारांना अजून पचनी पडलेली दिसत नाही. कोअर अल्ट्रा ७ २६५के हा ऑक्टोबर २०२४मध्ये आलेला प्रोसेसर आहे. त्यात ८ वेगवान आणि १२ कमी वीज खाणारे असे २० गाभे आहेत, आणि हायपर-थ्रेडिंग (एका गाभ्याने दोन कामे एकत्र हाताळण्याची सोय) नाही. गेमच्या चाचण्यांत त्याचे फारसे कौतुक झाले नाही, पुढे त्याची किंमत उतरली, आणि संपादकाच्या दृष्टीने ही इष्टापत्तीच ठरली. रिझॉल्व्हच्या फ्युजन विभागातील जोडकाम, एक्सपोर्टच्या वेळची गणिते आणि आफ्टर इफेक्ट्समधील काम यांत २० गाभ्यांचा उपयोग दिसतो. याच प्रोसेसरचा ‘एफ’ अक्षर असलेला प्रकार थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात अंगभूत ग्राफिक्स नसल्यामुळे क्विक सिंकही नसते. संपादनाच्या यंत्रात ‘एफ’ घेणे म्हणजे चार पैसे वाचवण्यासाठी दुसरा डिकोडर सोडून देणे होय. कार्ड दुरुस्तीला गेले तरी पडदा चालू राहतो, हा फायदा वेगळाच. एक सूचना मात्र पाळावी लागते: स्वतंत्र कार्ड बसवल्यावर अनेक बोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात, तेव्हा बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ते मुद्दाम चालू ठेवावे लागते, आणि प्रीमियरच्या मीडिया सेटिंगमध्ये डिकोडिंगसाठी कोणते साधन वापरायचे तेही पाहून घ्यावे लागते.

एएमडीचा रायझन ९ ९९००एक्स घेतला असता तर? प्रामाणिक उत्तर असे की आरटीएक्स ५० कार्ड सोबत असल्यावर सोनीच्या फाइलींच्या बाबतीत फारसा फरक पडला नसता. एएमडीने एएम५ सॉकेटला (प्रोसेसर बसवण्याच्या जागेला) २०२७ आणि त्यापुढेही आधार देण्याचे जाहीर केले आहे, तर इंटेलच्या एलजीए१८५१वर तितका भरवसा ठेवावा असे मला वाटत नाही. दर दोन वर्षांनी प्रोसेसर बदलणाऱ्याने एएमडीकडे वळावे. लहान स्टुडिओत यंत्र एकदा बसले की चार-पाच वर्षे कोणी ते उघडत नाही, म्हणून आम्ही सॉकेटच्या आयुष्याला फार महत्त्व दिले नाही. इंटेलचा चौदाव्या पिढीचा आय७-१४७००के स्वस्तात मिळत असेल तर मोह होणे स्वाभाविक आहे. तेराव्या व चौदाव्या पिढीतील वरच्या प्रोसेसरांत व्होल्टेजच्या दोषामुळे अस्थिरता येत असल्याचे इंटेलने २०२४मध्ये मान्य केले, मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अद्ययावत केलेला नवा प्रोसेसर घेण्यास हरकत नाही, पण दुरुस्तीपूर्वीच्या बायोसवर किती काळ चालला हे कळण्याचा मार्ग नसल्यामुळे वापरलेला घेऊ नये.

रॅमबाबत लिहिताना बाजाराकडे दुर्लक्ष करता येत नाही. २०२५च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे डीडीआर५च्या किमती इतक्या चढल्या की जुन्या लेखांतील ‘रॅम स्वस्त आहे, भरपूर घ्या’ हा सल्ला आता लागू पडत नाही. ब्लॅकमॅजिक डिझाइनने विंडोजवर रिझॉल्व्हसाठी १६ जीबी आणि फ्युजन वापरत असल्यास ३२ जीबी सांगितली आहे. आमच्या कामात संपादनाची टाइमलाइन, शेजारी उघडलेले फोटोशॉप आणि अधूनमधून आफ्टर इफेक्ट्स असा संसार असल्यामुळे ६४ जीबी घेतली, आणि केवळ रिझॉल्व्ह चालू असताना तिचा मोठा भाग रिकामा असतो हेही नोंदवले पाहिजे. आफ्टर इफेक्ट्स न वापरणाऱ्याने आजच्या भावात ३२ जीबीवर थांबण्यास हरकत नाही. पुढे वाढवण्याचा बेत असेल तर एक अडचण आहे: या बोर्डांवर दोनऐवजी चार स्टिक लावल्या की रॅमचा वेग बराच खाली येतो. म्हणून आज १६च्या दोन आणि नंतर आणखी दोन, असा हप्त्यांचा बेत करण्यापेक्षा २४ जीबीच्या दोन स्टिकचा ४८ जीबीचा संच घ्यावा. हा पर्याय फार कमी जणांना सुचवला जातो.

साठवणुकीवर मात्र थोडे थांबून आकडेमोड करावी लागेल, कारण येथेच सर्वाधिक पैसे चुकीच्या जागी जातात. २५ फ्रेमच्या १० बिट ४:२:२ एक्सएव्हीसी एस ४केचा दर सेकंदाला १४० मेगाबिट, म्हणजे १७.५ मेगाबाइट आहे. तीन कॅमेरे एकत्र चालवले तरी सेकंदाला साडेबावन्न मेगाबाइट वाचावे लागतात. सेकंदाला साडेतीन हजार मेगाबाइट वाचणाऱ्या जुन्या एनव्हीएमई एसएसडीलाही हे काम सहज जमते, आणि सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या साध्या साटा एसएसडीलाही. अशा स्थितीत १४ हजार मेगाबाइटची पाचव्या पिढीची एसएसडी टाइमलाइन सुरळीत होईल या आशेने घेणे म्हणजे बोळातून जाण्यासाठी शर्यतीची गाडी घेण्यासारखे आहे. टाइमलाइन अडखळते ती डिकोडिंगमुळे, डिस्कमुळे नव्हे. प्रोरेस या ॲपलच्या, कमी आकसलेल्या फाइलींच्या पद्धतीत काम करणाऱ्यांचा दर अधिक असतो. अल्ट्रा एचडी २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ सेकंदाला ४९२ मेगाबिट घेते, तरीही तीन प्रवाहांचे मिळून ते १८५ मेगाबाइटच्या आसपासच जाते.

एसएसडीत महत्त्व आहे ते लिहिण्याच्या सातत्याला. स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) एसएसडी सुरुवातीचा काही भाग फार वेगाने लिहितात आणि आतील राखीव जागा भरली की त्यांचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो. चाचणीत ही बाब दिसत नाही, कारण चाचणी काही जीबींची असते. लग्नाची कार्डे रिकामी करताना ती हमखास दिसते. एका लग्नात प्रत्येक कॅमेऱ्यावर चार तासांचे चित्रण धरले तर तासाला ६३ जीबीप्रमाणे तिन्ही कॅमेऱ्यांचे मिळून सुमारे ७५० जीबी होतात. म्हणून कामाची २ टीबीची ड्राइव्ह टीएलसी (पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) प्रकाराची आणि स्वतंत्र डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची जलद स्मृती) असलेली घेतली. सॅमसंग ९९० प्रो आणि डब्ल्यूडी ब्लॅक एसएन८५०एक्स या दोन्ही त्या कसोटीला उतरतात. विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी १ टीबीची वेगळी ड्राइव्ह आहे, आणि तिच्याबाबत सांगण्यासारखे काही नाही.

या सगळ्यात खरी अडचण निघाली ती कार्ड रीडरची. साध्या यूएचएस-१ (कॅमेऱ्याच्या कार्डांचा जुना वेगवर्ग) रीडरवर सेकंदाला साधारण ९० मेगाबाइट मिळतात, आणि त्या वेगाने एका लग्नाची कार्डे रिकामी करायला दोन तास वीस मिनिटे लागतात. यूएचएस-२ची कार्डे आणि त्याच दर्जाचा रीडर असेल तर सेकंदाला २५० मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो आणि तेच काम पन्नास मिनिटांत होते. हजारो रुपयांची एसएसडी घेऊन त्यापुढे जुना रीडर जोडणारे स्टुडिओ मी पाहिले आहेत. संग्रहासाठीच्या हार्ड डिस्क सीएमआर पद्धतीच्या (माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या) असाव्यात. सीगेट आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडी रेड प्लस या मालिका तशा आहेत. एसएमआर पद्धतीच्या (पट्टे एकमेकांवर चढवणाऱ्या) डिस्क मोठ्या प्रतींच्या वेळी फार मंदावतात. दोन्ही डिस्कवर प्रत्येक कामाची एकेक प्रत असते आणि तिसरी प्रत स्टुडिओबाहेर, मालकांच्या घरी, ठेवली जाते. लग्न पुन्हा लागत नाही, त्यामुळे या खर्चावर कोणी घासाघीस केली नाही.

मदरबोर्डाबाबत थोडक्यात. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) करायचे नसल्यामुळे झेड८९०वर जादा पैसे घालण्याचे कारण नव्हते. बी८६०चा बोर्ड पुरला. बोर्ड निवडताना दिव्यांकडे न पाहता माहितीपुस्तिकेतील एक पान वाचावे: कोणती एम.२ जागा (एनव्हीएमई एसएसडीची) भरली की कोणता साटा पोर्ट (हार्ड डिस्कच्या जोडणीचा) बंद होतो, हे तेथे दिलेले असते. मागच्या बाजूला वेगवान यूएसबी-सी किती आहेत आणि २.५ गिगाबिटचे नेटवर्क आहे का, एवढे पाहिले की काम झाले.

थंडाव्याचा विचार आपल्या हवामानात वेगळाच करावा लागतो. परदेशी चाचण्या वातानुकूलित खोलीत होतात. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, बाहेर ४४-४५ अंश असताना खोलीतील हवाच तापलेली असते आणि कोणताही कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २६५केची कमाल वीजमागणी २५० वॉट आहे. ती बायोसमध्ये सुमारे १८० वॉटवर बांधून टाकली. एक्सपोर्टला किंचित जास्त वेळ लागतो, पण पंख्यांचा आवाज आणि तापमान दोन्ही लक्षणीय उतरले. पाण्यावर चालणाऱ्या कूलरऐवजी दोन मनोऱ्यांचा एअर कूलर बसवला, कारण त्यात बिघडण्यासारखा भाग म्हणजे फक्त पंखा, आणि तो तालुक्याच्या गावीही बदलता येतो. कॅबिनेट पुढून जाळीचे आणि काढून धुता येणाऱ्या धूळगाळणीचे असावे. समोर पूर्ण काच असलेली कॅबिनेटे दिसायला देखणी असतात, पण संपादनाच्या खोलीत त्यांचे काम नाही.

एसएमपीएस हा भाग दुकानात सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत, निवडला जातो, आणि ही पद्धत घातक आहे. प्रोसेसरचे २५०, कार्डाचे १८० आणि बाकीचे साधारण ७० वॉट धरले तर कमाल बेरीज ५०० वॉटच्या घरात जाते; ७५० वॉटचा ८० प्लस गोल्ड एसएमपीएस त्यामुळे पुरेसा आहे आणि पुढे मोठे कार्ड घ्यायचे झाल्यास थोडी सवडही राहते. यूपीएसच्या बाबतीत नेहमीचा ६०० व्हीएचा डबा येथे निरुपयोगी आहे, कारण तो सुमारे ३६० वॉटच देतो आणि वीज जाताच एक्सपोर्ट चालू असेल तर संगणकासह तोही बंद पडतो. शिवाय चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज खेचण्याची पद्धत सुधारणारी योजना) असते, आणि स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींवर असा एसएमपीएस कधी कधी बंद पडतो. शुद्ध साइन वेव्ह देणारा, किमान १ केव्हीएच्या पुढचा यूपीएस घ्यावा. जेथे वीज दिवसातून चारदा जाते तेथे ही सूचना प्रोसेसरच्या निवडीपेक्षाही महत्त्वाची मानावी.

पडदा संगणकाच्या हिशेबात धरला जात नाही, पण ग्रेडिंगचे सारे निर्णय त्यावरच होतात. एसूसचा प्रोआर्ट पीए२७९सीव्ही हा २७ इंची ४के मॉनिटर घेतला, तो रेक. ७०९ हा एचडी चित्राचा प्रमाण रंगपट पूर्ण दाखवतो, आणि यूट्यूब, टीव्ही व पेन ड्राइव्हवर देण्याच्या कामाला तेवढे पुरते. कारखान्यातून तो जुळवून येत असला तरी वर्षातून निदान एकदा कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजून जुळवणारे उपकरण) लावावा, आणि खोलीतील पिवळा दिवा बदलून तटस्थ पांढरा लावावा. हा दुसरा उपाय जवळजवळ फुकट आहे. डेकलिंक कार्ड (ग्रेडिंग मॉनिटरला थेट चित्र पुरवणारे) आणि स्वतंत्र ग्रेडिंग मॉनिटर यांची गरज लग्नाच्या कामात मला दिसत नाही.

एवढी जुळवाजुळव करण्याऐवजी मॅक मिनी घ्यावा का, हा प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेला एम४ मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांपासून विकायला आला, त्याची वीजमागणी नगण्य आहे, तो लहानशा यूपीएसवरही चालतो आणि एच.२६५ ४:२:२ उत्तम हाताळतो. एकट्याने काम करणाऱ्या आणि प्रामुख्याने कापाकापी व साधे ग्रेडिंग करणाऱ्या संपादकाला मी तोच सुचवेन. पण सुरुवातीच्या किमतीत १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण मिळते, रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि नॉइज रिडक्शनचे अवजड काम असेल तर स्वतंत्र आरटीएक्स कार्ड पुढे राहते. ज्यांच्याकडे आधीचा बरा संगणक आहे आणि रात्री प्रॉक्सी बनायला लावून सकाळी कामाला बसण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांना यांतील काहीच घेण्याची निकड नाही. रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही प्रॉक्सी बनवते आणि अल्ट्रा एचडीपर्यंत ६० फ्रेमने फाइल बाहेर काढते. स्टुडिओ आवृत्तीची मूळ किंमत २९५ डॉलर असून ती एकदाच द्यावी लागते. टेम्पोरल नॉइज रिडक्शन त्याच आवृत्तीत आहे, त्यामुळे हार्डवेअरचा अंदाज बांधताना तिची रक्कम आधी बाजूला काढावी.

खरेदीबाबत सांगायचे तर मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर एकाच भागासाठी चार दुकाने पालथी घालता येतात आणि भावातील फरक प्रत्यक्ष कळतो, पण एकेक भाग वेगळ्या दुकानातून घेतला तर यंत्र सुरू झाले नाही तेव्हा कोणाकडे जायचे हा प्रश्न उरतो. म्हणून प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि एसएमपीएस हे चार भाग एकाच बिलावर घेतले; कार्ड आणि एसएसडी जेथे भाव बरा तेथून आणले. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यावा, आणि वॉरंटी भारतातील अधिकृत वितरकाची आहे की दुकानदाराची, हे तोंडी न ठेवता बिलावरच उतरवून घ्यावे. बिलाशिवाय स्वस्त देऊ करणाऱ्यांना नकार द्यावा, कारण जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओला भरलेल्या १८ टक्के जीएसटीची वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) साधारणपणे मिळते आणि दाखवलेली सूट बहुधा त्याहून कमी असते.

या यंत्रात पुढच्या लग्नसराईपूर्वी एकच भर घालण्याचे ठरले आहे, ती म्हणजे कामासाठी आणखी एक २ टीबीची टीएलसी एसएसडी. लागोपाठच्या मुहूर्तांवर दोन-तीन लग्ने आली की सध्याची ड्राइव्ह भरते आणि अर्धवट संपादन झालेले काम हार्ड डिस्कवर हलवावे लागते. बोर्डावर त्यासाठी एक जागा रिकामी आहे, आणि ती भरल्याने कोणताही साटा पोर्ट बंद होत नाही हे पुस्तिकेत पाहून घेतले आहे.